जीनोमिक्स म्हणजे नेमकं काय आणि संशोधनात त्याचा खरंच उपयोग होतो का?

अनुजा_वि
नमस्कार मंडळी. माझा बायोलॉजीशी संबंध बारावीनंतर संपला, सध्या आकडेमोडीच्या नोकरीत आहे. झालं असं की एका मैत्रिणीने थुंकीचं सँपल पाठवून जेनेटिक रिपोर्ट करून घेतला, भलीमोठी पीडीएफ आली, त्यात डायबेटिसची रिस्क "सरासरीपेक्षा जास्त", स्नायूंचा प्रकार "स्प्रिंटर", असलं काय काय, आणि आता ती सगळ्यांना करून घ्या म्हणून मागे लागलीये. म्हणून वाचायला बसले तर जिकडेतिकडे "जीनोमिक्स क्रांती" एवढंच सापडतं. तर माझे बाळबोध प्रश्न, हसू नका :) जेनेटिक्स आणि जीनोमिक्स वेगळं काय? २००३ मध्ये माणसाचा जीनोम वाचून झाला होता ना, मग त्यानंतर एवढे लोक अजून काय वाचतायत? आणि याचा संशोधनात कुठे खरोखर उपयोग झालाय की सगळं "भविष्यात होईल" छापाचं आहे? गूगल करा असं सांगू नका, करून झालंय.

सायलेंट_वाचक
छान विषय. वाचतेय.

प्रयोगवेडा
याच क्षेत्रात हमाली करतो (लॅबमध्ये नाही, कॉम्प्युटरसमोर), त्यामुळे जमेल तसं लिहितो, तुकड्यातुकड्यात येईल.

जेनेटिक्समध्ये परंपरेने आपण एक गुण किंवा एक आजार पकडायचो आणि तो कुठल्या जनुकामुळे होतो याचा घराण्या-घराण्यांतून माग काढायचो. जीनोमिक्समध्ये आधी अख्खा जीनोम, म्हणजे त्या जीवाचा सगळा डीएनए, समोर घेऊन बसायचं आणि मग प्रश्न विचारायचे. ऐकायला किरकोळ फरक वाटतो पण कामाची पद्धतच उलटी होते, कारण पहिल्या पद्धतीत तुम्हाला आधी अंदाज बांधावा लागतो की बाबा हे जनुक संशयित आहे, चला तपासू. दुसऱ्या पद्धतीत कुणावरच संशय घ्यायचा नसतो, हजारो आजारी आणि हजारो निरोगी लोकांचे जीनोम शेजारी ठेवले की फरक कुठे आहे ते डेटाच दाखवतो, आणि बऱ्याचदा तो अशा जागी निघतो जिथे कुणी बघितलंही नसतं. याचं एक जबरदस्त उदाहरण आहे, ते पुढच्या प्रतिसादात, ते लिहायला वेळ लागेल.

आकडे म्हणाल तर माणसाचा जीनोम साधारण ३१० कोटी बेसचा (ए, टी, जी, सी ही चार अक्षरं), आणि आपल्याकडे याच्या दोन प्रती, एक आईकडून एक बाबांकडून. यात प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण २० हजार, आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रोटीनचा कोड असलेला भाग सगळ्या डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी. कुठल्याही दोन माणसांत ९९.९ टक्के सारखं असतं म्हणतात ते ढोबळमानाने बरोबर आहे, पण ०.१ टक्का म्हणजेही तीस लाखांच्या वर जागा झाल्या, हे लोक विसरतात.

सुरुवात बारक्यापासून झाली. १९७७ साली फ्रेडरिक सँगरच्या गटाने फाय-एक्स-१७४ नावाच्या विषाणूचा जीनोम वाचला, ५,३८६ बेस. १९९५ मध्ये पहिला स्वतंत्र जगणारा जीव, हिमोफिलस इन्फ्लुएंझा नावाचा जंतू, १८ लाख बेस. माणसाचा प्रकल्प १९९० ला सुरू झाला आणि २००३ ला संपला असं जाहीर झालं.

अनुजा_वि
"असं जाहीर झालं" हे शब्द मुद्दाम वापरलेत का?

प्रयोगवेडा
मुद्दामच :) तेव्हा साधारण ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता. कारण असं की कुठलंही मशीन गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचत नाही. एकाच वर्तमानपत्राच्या शेकडो प्रती घेऊन त्यांचे वाट्टेल तसे बारीक कपटे करायचे आणि मग कपट्यांवरच्या जुळणाऱ्या ओळी बघत बघत मूळ पान परत उभं करायचं, असं ते काम असतं. बातम्यांची पानं जुळतात, पण एखाद्या पानावर एकच ओळ हजारदा छापली असेल तर कुठला कपटा कुठे बसवायचा हे कसं कळणार? गुणसूत्राच्या मधली कंबर, ज्याला सेंट्रोमिअर म्हणतात, तिथे अगदी हेच असतं, तेच तेच हजारो वेळा. पुढे लाखभर बेस एका दमात वाचणारी मशीन आली तेव्हा कुठे हे सुटलं, आणि टेलोमिअर-टू-टेलोमिअर नावाच्या गटाने मार्च २०२२ मध्ये खरंखुरं सलग वाचन छापलं. त्यातही वाय गुणसूत्र नव्हतं, ते ऑगस्ट २०२३ मध्ये आलं.

अवांतर: या सलग वाचनासाठी वापरलेल्या पेशी कुणा माणसाच्या नव्हत्याच म्हणा ना, एका फसलेल्या गर्भधारणेतल्या गाठीच्या होत्या, जिच्यात आईचा डीएनए गायब होऊन बापाचाच दुप्पट झाला होता. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या, त्यामुळे आईची कुठली बापाची कुठली हा घोळच नाही. मला हे डोकं फार आवडलं होतं.

खडूस
हे सगळं ठीक आहे हो, पण अनुजाताईंचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. जून २००० मध्ये क्लिंटन आणि ब्लेअर टीव्हीवर येऊन सांगून गेले की आता औषधशास्त्र बदलणार. त्यालाही आता पाव शतक झालं. ताप आला की अजूनही पॅरासिटामोलच. प्रकल्पाचे जवळपास तीन अब्ज डॉलर गेले, मिळालं काय? मला नाव घेऊन दोन औषधं सांगा, "संशोधन चालू आहे" नको.

प्रयोगवेडा
दोन सांगतो, रजा टाकून लिहितोय असं समजा.

पहिलं, पीसीएसके-९. हे एक जनुक आहे. आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, आणि या जनुकाचं प्रोटीन ते रिसेप्टर मोडीत काढतं. २००३ मध्ये काही फ्रेंच कुटुंबांत हे जनुक प्रमाणाबाहेर काम करताना सापडलं, त्या लोकांचं कोलेस्टेरॉल जबर वाढलेलं असायचं. इथपर्यंत नेहमीचंच जेनेटिक्स. पण डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी प्रश्न उलटा केला, की ज्यांचं एलडीएल फारच कमी आहे अशा धडधाकट लोकांत हे जनुक कसं असतं ते बघू. २००५ मध्ये त्यांना दिसलं की आफ्रिकन-अमेरिकन लोकांपैकी साधारण दोन टक्क्यांमध्ये या जनुकाची एक प्रत चक्क बंद पडलेली आहे. मग १५ वर्षं पाठपुरावा केलेल्या जुन्या एका अभ्यासातले लोक तपासले, २००६ मध्ये निकाल छापला, की अशा लोकांचं एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. आणि एक बाई सापडली जिच्या दोन्ही प्रती बंद, एलडीएल फक्त १४, आणि तब्येत ठणठणीत!

आता हे का महत्त्वाचं ते बघा. औषध कंपनीला सगळ्यात मोठी भीती असते की हे प्रोटीन अडवलं तर शरीरात दुसरीकडे काही बिघडेल का. इथे निसर्गानेच तो प्रयोग जन्मापासून करून ठेवला होता. २०१५ मध्ये हे प्रोटीन अडवणारी दोन इंजेक्शनं मंजूर झाली, अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब. जनुक सापडल्यापासून बारा वर्षांत बाजारात, हा औषधांच्या जगात झपाटाच म्हणायचा.

दुसरं मला जास्त आवडतं. सिकल सेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. या आजारात हिमोग्लोबिनसाठीच्या बीटा-ग्लोबिन जनुकातलं एक, फक्त एक अक्षर बदललेलं असतं, आणि ही गोष्ट जीनोमिक्सच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. पण माहीत असून उपयोग शून्य, कारण ते एक अक्षर करोडो पेशींत दुरुस्त करणार कसं. दुसरीकडे डॉक्टरांना हेही माहीत होतं की गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बंद होऊन मोठ्यांचं चालू होतं, पण काही लोकांत गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं चालूच राहतं आणि अशा सिकल सेलच्या पेशंटना त्रास खूप कमी होतो. ते चालू का राहतं? इथे कुणालाच अंदाज नव्हता. २००७-०८ च्या सुमारास दोन गटांनी हजारो लोकांचे जीनोम त्या एका मोजमापाशी ताडून बघितले आणि खूण उमटली दुसऱ्या गुणसूत्रावर बीसीएल-११-ए नावाच्या जनुकात. या जनुकाची ओळख तोवर रक्ताच्या कॅन्सरच्या आणि पांढऱ्या पेशींच्या संदर्भात होती, हिमोग्लोबिनशी याचा संबंध असेल असं कुणी पैजेवर सांगितलं नसतं! मी वर "संशय घ्यायचा नसतो" लिहिलं ते हेच. नंतर स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबने सिद्ध केलं की गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणारा तो हाच.

मग काढून टाका ना हे जनुक? नाही जमत, कारण ते पांढऱ्या पेशींना आणि मेंदूलाही लागतं. आणि इथे मजा आहे. जी खूण उमटली होती ती जनुकाच्या प्रोटीनवाल्या भागात नव्हतीच, मधल्या "बिनकामाच्या" पट्ट्यात होती. २०१३ मध्ये कळलं की तो पट्टा म्हणजे एन्हान्सर आहे, हे जनुक फक्त लाल पेशींच्या वंशात चालू करणारं बटण. म्हणजे तेवढंच बटण तोडलं तर लाल पेशींपुरतं काम होतं आणि बाकी शरीराला धक्का नाही. क्रिस्पर या डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्राने तेच केलं. कॅसजेव्ही नावाने ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाली, क्रिस्परवर आधारलेली जगातली पहिली.

पुरेत का दोन?

खडूस
पुरेत. दुसरं खरंच भारी आहे, मान्य. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे हे लिहायचं राहिलं बहुतेक तुमचं.

प्रयोगवेडा
हो, आहे. आणि आधी केमो देऊन मूळची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, ते वेगळंच. ज्या भागांत सिकल सेल सगळ्यात जास्त आहे तिथे हे इतक्यात पोचणार नाही, यावर तुमच्याशी भांडण नाही.

हाडंवेडी
सगळं औषधांवरच चाललंय म्हणून मध्ये घुसते. जीनोमिक्सने मानवाचा इतिहास ज्या पद्धतीने उलटापालटा केला तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच केला असेल! २०१० मध्ये स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडरथलचा (माणसाच्या नामशेष झालेल्या जवळच्या शाखेचा) जीनोम छापला, हजारो वर्षं जुन्या हाडांतून, ज्यातला बहुतेक डीएनए जंतूंचा आणि बुरशीचा असतो, आणि त्यातून कळलं की आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या लोकांत साधारण एक-दोन टक्के निअँडरथल डीएनए आहे. म्हणजे भेटले, आणि नुसते भेटले नाहीत ;) त्याच वर्षी सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या एवढ्याशा हाडावरून माणसांची एक अख्खी वेगळी शाखा सापडली, जिची कवटी बघून नाही तर डीएनए बघून ओळख पटली. पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं.

आणि हे नुसतं गंमत म्हणून नाहीये. तिबेटी लोक विरळ हवेत मजेत राहतात त्यामागचं ईपीएएस-१ जनुकाचं रूप डेनिसोव्हनांकडून आलेलं आहे, २०१४ मध्ये दाखवलं ते. आणि कोविडमध्ये काही जणांना फार गंभीर का झालं याचा शोध घेताना तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा सापडला, तो निअँडरथलांकडून आलेला निघाला, आणि दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात साधारण १६ टक्क्यांत. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं लफडं २०२० च्या आयसीयूत दिसलं.

सायलेंट_वाचक
हे माहीतच नव्हतं! अजून लिहा.

शेतशिवार
पिकांकडे कुणी बघणार आहे का नाही, का सगळं माणसाभोवतीच. मी भाताच्या ब्रीडिंगमध्ये काम केलंय म्हणून लिहितो.

भात पाण्यात उभा असतो म्हणून लोकांना वाटतं त्याला पुराचं काय. पण पूर्ण बुडाला तर आठवड्याभरात जातो, कारण रोप श्वास घ्यायला वर यायच्या नादात उंच वाढत सुटतं आणि साठा संपवून बसतं. ओडिशातल्या एफआर-१३-ए नावाच्या जुन्या वाणाला मात्र बुडणं सहन होतं, हे कितीतरी वर्षांपासून माहीत होतं, पण त्याचं पीक कमी, आणि नेहमीच्या पद्धतीने संकर केला की बुडणं सहन करण्याबरोबर त्याचे बाकीचे नको ते गुणही यायचे. भाताचा जीनोम हातात आला आणि नवव्या गुणसूत्रावर नेमकी जागा, सब-१-ए नावाचं जनुक, २००६ मध्ये पकडलं. ते जनुक रोपाला सांगतं की वाढू नको, गप बस, पाणी उतरेपर्यंत साठा जप. मग स्वर्णा या लोकप्रिय वाणाशी संकर करून प्रत्येक पिढीत कोवळ्या रोपाचा डीएनए बघायचा आणि ज्यात फक्त तो तुकडा आलाय आणि बाकी सगळा स्वर्णाच आहे तेवढीच रोपं पुढे न्यायची. पूर यायची वाट बघायला नको. स्वर्णा-सब-१ भारतात २००९ मध्ये आला, दोन आठवड्यांच्या आसपास पूर्ण बुडूनही उभा राहतो.

आणि हे जीएम नाही, कृपया त्यावर धागा भरकटवू नका. जनुक भाताचंच, संकर साधाच, निवड तेवढी डीएनए बघून.

जाता जाता, गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट आहे, कारण तीन वेगवेगळ्या गवतांचे जीनोम त्यात एकत्र नांदतायत. व्यवस्थित वाचून व्हायला २०१८ उजाडलं.

अनुजा_वि
थांबा थांबा. गव्हाचा आपल्या पाचपट? मग जितका प्राणी प्रगत तितका जीनोम मोठा असं नसतं?

शेतशिवार
अजिबात नाही. सध्याचा विक्रम न्यू कॅलेडोनियातल्या एका नेच्यासारख्या बारक्या वनस्पतीच्या नावावर आहे, मेसिप्टेरिस, १६ हजार कोटी बेस, माणसाच्या पन्नासपटीहून जास्त. २०२४ मध्ये जाहीर झालं. आणि दुसऱ्या टोकाला फुगू मासा, जीनोम माणसाच्या आठव्या हिश्श्याएवढा पण जनुकांची संख्या साधारण तेवढीच.

खडूस
म्हणजे बाकी कचराच ना शेवटी? पण वर म्हणालात की "बिनकामाच्या" पट्ट्यात बटण निघालं. एक काय ते ठरवा.

प्रयोगवेडा
दोन्ही खरं आहे, आणि यावर शास्त्रज्ञांचीही जोरदार जुंपली होती. २०१२ मध्ये एनकोड नावाच्या मोठ्या प्रकल्पाने जाहीर केलं की माणसाच्या ८० टक्के जीनोमला काहीतरी जैवरासायनिक काम आहे, आणि उत्क्रांतीवाले तुटून पडले, की डीएनएला एखादं प्रोटीन चिकटलं म्हणजे त्याला काम आहे असं होत नाही. उत्क्रांतीच्या बाजूने मोजलं, म्हणजे कुठला भाग बदलला तर निसर्ग तो बदल टिकू देत नाही असं बघितलं, तर आकडा ८ टक्क्यांच्या आसपास येतो. माझं मत त्या दुसऱ्या बाजूला. मोठा भाग जुन्या विषाणूंचे आणि स्वतःच्याच प्रती काढत सुटलेल्या तुकड्यांचे अवशेष आहे, आणि त्या ढिगाऱ्यात मध्येच कामाची बटणं आहेत. कुठलं बटण आणि कुठला ढिगारा हे ओळखणं, अनुजा, हेच ते काम, जे २००३ नंतर सगळे करतायत. वाचून झालंय, कळायचं बाकी आहे.

डॉ_निशाचर
ओपीडी संपवून आत्ता बघतोय. मूळ धाग्यातल्या त्या पीडीएफबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आजार दोन टोकांचे असतात असं समजा. एका टोकाला एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारे दुर्मिळ आजार. तिथे जीनोमिक्सने आमचं काम खरंच बदललंय. फिट्स येणारं, वाढ न होणारं मूल घेऊन आईबाप वर्षानुवर्षं फिरायचे, प्रत्येक ठिकाणी वेगळं निदान. आता आई, बाप, मूल तिघांचे जीनोम वाचून ताडले की बऱ्याच केसेसमध्ये (सगळ्यांत नाही!) उत्तर सापडतं. स्टॅनफर्डच्या गटाने २०२२ मध्ये डीएनए वाचायचं काम ५ तास २ मिनिटांत करून विक्रम केला, आणि आयसीयूतल्या बाळाच्या बाबतीत हे तास खरोखर मोजावे लागतात.

दुसऱ्या टोकाला डायबेटिस, बीपी, उंची. उंचीचंच बघा, जी मोजायला फूटपट्टी पुरते. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डेटा घेऊन अभ्यास झाला आणि उंचीशी संबंधित १२,१११ जागा सापडल्या. एवढ्या जागा, प्रत्येकीचा परिणाम नखाएवढा. डायबेटिसचंही तसंच, वर खाणं, झोप, वजन, वय. त्यामुळे "रिस्क सरासरीपेक्षा जास्त" हे वाक्य खोटं नसेलही पण त्यावरून करायचं काय, तर वजन सांभाळा, चाला. ते रिपोर्टशिवायही तेच आहे. मैत्रिणीला म्हणावं एचबीए-१-सी ही रक्ततपासणी कर, गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कुठे आहे ते थेट कळेल. आणि स्नायू "स्प्रिंटर" वगैरे, जाऊ द्या.

अजून एक खोट, आणि ही गंभीर आहे. रिपोर्टमधले रिस्कचे असे स्कोअर ज्या अभ्यासांवर उभे आहेत त्यांतले ७८ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते असा २०१९ चा हिशोब आहे. युरोपीय लोकांवर बेतलेला स्कोअर इतरांना लावला की अचूकता घसरते, हे वारंवार दिसलंय. भारतात जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार लोकांचे जीनोम वाचले ते याचसाठी, पण दहा हजार ही सुरुवात झाली.

जिथे टेस्ट खरंच कामाची आहे ती जागा सांगतो, औषध सुरू करण्याआधी. एचआयव्हीवरचं अबाकाविर देण्याआधी एचएलए-बी*५७:०१ हे जनुकाचं रूप तपासतात, ते असेल तर औषध जिवावर बेतू शकतं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन आणि एचएलए-बी*१५:०२, त्वचा सोलून निघण्यापर्यंत रिअॅक्शन, आशियाई लोकांत याचं महत्त्व जास्त. हार्टसाठी दिलं जाणारं क्लोपिडोग्रेल काही लोकांच्या शरीरात नीट चालूच होत नाही, कारण सीवायपी-२-सी-१९ जनुकाचं त्यांचं रूप मंद असतं. इथे उत्तर आलं की डॉक्टर लगेच औषध बदलू शकतो. नुसतं घाबरवणारं उत्तर आणि हे उत्तर यांत मला तरी जमीनअस्मानाचा फरक वाटतो.

अनुजा_वि
डॉक्टर, खूप आभार, हे तिला तसंच पाठवते. एक शंका, रिपोर्टमध्ये एका ठिकाणी "महत्त्व अनिश्चित" असं लिहिलंय, ते काय?

डॉ_निशाचर
म्हणजे बदल दिसला पण तो आजार करतो की निरुपद्रवी आहे हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. प्रत्येकाच्या जीनोममध्ये असे ढिगाने असतात. यावर कुठलाही वैद्यकीय निर्णय घ्यायचा नाही, हा नियमच आहे. पुढे डेटा वाढला की यातले बहुतेक निरुपद्रवीच्या खात्यात जातात.

गुमनाम_वाटसरू
सगळे उपयोगच सांगताय, थुंकी पाठवली की पुढे काय होतं ते पण बोला. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही आणि तो एकट्याचा नसतोच, भावंडं, मुलं, चुलत भाऊ सगळ्यांचा थोडाथोडा असतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एक जुना सिरियल किलर पकडला तो कसा, तर त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या हौसेने एका साइटवर डीएनए टाकला होता. खुनी सापडला हे उत्तमच झालं, पण त्या नातेवाइकांना कुणी विचारलं होतं का? २०१३ मध्ये हीला नावाच्या, लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशींचा जीनोम सरळ इंटरनेटवर टाकला, ज्या बाईच्या पेशी १९५१ मध्ये न विचारता घेतल्या तिच्या नातवंडांनाही न विचारता, बोंबाबोंब झाली तेव्हा काढून घेतला. आणि लाखो लोकांचा डीएनए जमवलेल्या एका मोठ्या टेस्टिंग कंपनीने २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा लोकांना पहिल्यांदा प्रश्न पडला की आता माझा डेटा कुणाच्या मालकीचा.

प्रयोगवेडा
कंपन्यांबद्दल सहमत. पण संशोधनातला खुला डेटा आणि हे एकाच मापाने तोलू नका. १९९६ मध्ये बर्म्युडात जीनोमवाल्यांनी ठरवलं की वाचलेला डीएनए २४ तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा, पेटंटची वाट बघायची नाही, आणि सगळं क्षेत्र त्यावर उभं राहिलं. कोविड विषाणूचा जीनोम, ३० हजाराला थोडे कमी बेस, जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात खुला झाला आणि १६ मार्चला त्यावरून बनवलेली लस पहिल्या स्वयंसेवकाला टोचली. ते जीनोम कुणी दाबून ठेवले असते तर नवे व्हेरिएंटही कळले नसते.

गुमनाम_वाटसरू
विषाणूला नातेवाईक नसतात हो. त्याची प्रायव्हसी कोण मागतंय. माणसांचा डेटा म्हणजे कायदा आधी, डेटा नंतर, एवढंच माझं म्हणणं.

प्रयोगवेडा
मग दुर्मिळ आजाराच्या त्या मुलांचं निदान थांबेल, कारण "हा बदल जगात अजून कुणात आहे का" हे लाखो लोकांचा साठा असल्याशिवाय तपासताच येत नाही. आम्ही नावं काढून, परवानगी घेऊन, बंदिस्त सर्व्हरवर काम करतो. नावं काढली तरी माणूस हुडकता येतो हे मला माहीत आहे, २०१३ मध्ये दाखवलंय ते, पण म्हणून साठाच नको हे मला पटत नाही. असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

गुमनाम_वाटसरू
नाही होणार :)

मीरा_एस
धागा पूर्ण वाचला. माझ्या घरात सिकल सेल आहे म्हणून विचारते, ते क्रिस्परवालं ज्यांनी घेतलं त्यांच्या मुलांना मग आजार होणार नाही ना? म्हणजे जनुकच बदललं ना त्यांचं?

डॉ_निशाचर
नाही, असं होत नाही, आणि हा गैरसमज फार आहे. बदल फक्त रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल्समध्ये होतो, त्या बाहेर काढून, बदलून, परत घातल्या जातात. स्त्रीबीज किंवा शुक्राणूंना हात लागत नाही, आणि त्या स्टेम सेल्समध्येही सिकलचं अक्षर तसंच असतं, त्याच्यावर मात करणारं गर्भातलं हिमोग्लोबिन तेवढं चालू झालेलं असतं. त्यामुळे दोन्ही प्रतींत सिकल असलेल्या पेशंटकडून प्रत्येक मुलाला एक सिकल प्रत जातेच. जोडीदाराच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर मुलं फक्त वाहक, म्हणजे एकच प्रत सिकलची. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक वेळी आजाराची शक्यता ५० टक्के. शिवाय आधी जी केमो देतात तिने मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून बीजं किंवा शुक्राणू आधी गोठवून ठेवण्याबद्दल बोलून घ्यावं लागतं.

मीरा_एस
मग जोडीदाराची जीनोम टेस्ट करावी लागेल का?

डॉ_निशाचर
गरज नाही. हिमोग्लोबिन एचपीएलसी नावाची साधी रक्ततपासणी पुरते, सिकलचा वाहक त्यात स्पष्ट दिसतो, थॅलेसेमियाचा पण बहुतेक वेळा कळतो. थॅलेसेमिया मुद्दाम लिहिलं, कारण एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी मुलाला आजार होतो, लोक नुसतं सिकल निगेटिव्ह बघून निश्चिंत होतात. रिपोर्ट जेनेटिक कौन्सेलरला दाखवा, दोघांनी एकत्र जा.